उष्टी वाटी

१

माझ्या आईच्या हातच्या अंबाडीच्या भाजीला माझ्या सख्ख्या बहिणीने दहापैकी सव्वासहा गुण दिले, तिथून हे सगळं सुरू झालं.

दर रविवारी मी मारेगावहून सकाळची एसटी धरतो आणि यवतमाळला मैत्रेयीचा डबा पोचवतो. जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये एक कॉफीचा कारखाना निघालाय, ती तिथे कामाला आहे. कारखाना म्हटलेलं मालकाला चालत नाही, 'रोस्टरी' म्हणायचं. पुढे लोकांनी बसून प्यायचा बार, मागे कॉफी भाजायची मशीन आणि मधल्या खोलीत चव घ्यायचं टेबल. मैत्रेयी त्या टेबलावर चव घेते. रसायनशास्त्रात एमएस्सी केलेली पोरगी, आणि काम काय, तर दिवसभर चमचे चाटायचे. मी स्वतः विज्ञानाचा मास्तर आहे, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागतं.

पूर्वी ती पाच मिनिटं गेटवर यायची. भरलेला डबा घ्यायची, मागचा रिकामा द्यायची, 'दादा, आई कशी आहे?' विचारायची. तीन रविवार झाले, ती आली नाही. चौकीदारच डबा घ्यायचा आणि जुना हातात द्यायचा.

पहिल्या रविवारी घरी येऊन डबा उघडला, तर तो रिकामा नव्हता. प्रत्येक खणातला एकेक चमचा कमी झालेला, बाकी सगळं तसंच आंबून गेलेलं. वर एक छापील कागद. 'अंबाडीची भाजी. आंबटपणा बरा, शेवट कोरडा. सव्वासहा.' आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून मीच वाचून दाखवलं. ती खो खो हसली. म्हणाली, "पास तं झाली ना मी?"

दुसऱ्या रविवारी भाकरीला पाच मिळाले. तिसऱ्या रविवारी गुणच नव्हते. मैत्रेयीच्या गोल अक्षरात एकच ओळ होती, 'ही चव ओळखीची नाही.'

ते मी वाचलं नाही. "मस्त म्हनते," असं सांगून मोकळा झालो. पण आमची आई, इंदूबाई, काही दुधखुळी नाही.

"खोटं बोलून राह्यला तू," आई म्हणाली. "मले कागद नको. पोरीले घेऊन ये. एकडाव तिचं तोंड चाचपू दे मले, मंग ऑपरेशनचं पाहू."

डॉक्टरांनी तारीख दिली होती आणि ही बाई पोरीसाठी अडून बसली. आता मैत्रेयीला आणण्यावाचून इलाज नव्हता.

२

एप्रिलमधल्या यवतमाळच्या उन्हात स्टँडपासून चालत गेलो, त्यामुळे पोचलो तेव्हा डोकं आधीच तापलेलं होतं. चौकीदाराने डब्यासाठी हात पुढे केला. मी त्याला बाजूला सारलं आणि आत शिरलो.

आत गारवा होता. कापूस साठवायच्या उंच भिंती, वर टिनाचं छप्पर, ते उन्हाने टिक टिक वाजत होतं. मागे मशीनचा ढोल घुर्र घुर्र फिरत होता आणि आतले दाणे लाह्यांसारखे तडतडत होते. वास चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या वासाखाली दुसरा एक वास होता, कोणाच्या तरी घरात पाहुणे म्हणून गेल्यावर येतो तसा. त्या घरच्या माणसांना तो कधीच येत नाही.

भिंतीवर काचेच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीपुढे चवीची चिठ्ठी. मी वाचायला लागलो. 'संत्र्याची साल, गूळ.' गूळ लागत असेल तर गूळच खा ना बाबांनो! 'भाजलेले शेंगदाणे, मध.' बरं. पुढची चिठ्ठी होती, 'नव्या दप्तराचं कापड.' त्याच्या पुढची, 'परीक्षेच्या सकाळचं दूध, थोडं करपलेलं.' आणि सगळ्यात शेवटची, 'आत्याच्या लग्नातलं पाणी.'

दोनदा वाचलं. म्हटलं, हे शिकलेल्या लोकांचे चोचले, गिऱ्हाईक गंडवायला काव्य करतात. एवढ्यात पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण हसत आला. तो मालक, अनिमेष. बंगळूरला शिकून आलेला, बोलणं अगदी मऊ.

"सर, तुम्ही मैत्रेयीचे दादा ना? या. पाचच मिनिटांत कपिंग, म्हणजे चव घेणं, सुरू होईल."

"मी कपिंगले नाई आलो," मी म्हणालो. "माया बहिणीले घ्याले आलो."

"जरूर न्या. फक्त एवढं एक टेबल होऊ द्या. मध्येच उठलं की चव तुटते."

माझ्या बहिणीला न्यायला मला याची परवानगी लागते, हे ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. तरी बसलो. आरडाओरडा केला असता तर तिची नोकरी गेली असती, आणि ते पाप मला माझ्या माथी नको होतं.

३

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. गोल टेबलावर पाच पांढऱ्या वाट्या आणि भोवती पाच माणसं. अनिमेष, दोन तरुण, बँकेतून निवृत्त झालेल्या शोभाताई नावाच्या बाई, आणि मैत्रेयी.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान लववली. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाला लववतात तशी. मी "काय वं" एवढंच म्हणालो. तिने ओठांवर बोट ठेवलं.

वाट्यांमध्ये दळलेली कॉफी होती. अनिमेषने वरून उकळतं पाणी ओतलं. वर जाड थर आला. चार मिनिटं कोणी हललं नाही. मग त्याने चमच्याने थर फोडला, सगळ्यांनी वाकून वास घेतला, आणि चमचे सरसावले. एक चमचा भरायचा, जोरात भुरका मारायचा, तोंडात खेळवायचं, आणि हातातल्या पेल्यात थुंकायचं. मग तोच चमचा पुढच्या वाटीत. सगळ्यांचे चमचे सगळ्या वाट्यांमध्ये.

मला हसू यायला हवं होतं. माझ्या आजोबांना नेरच्या हॉटेलात चहाचा कप वेगळा होता, बाहेरच्या खुंटीवर टांगलेला. आणि त्याच लोकांची नातवंडं आज एकमेकांचं उष्टं चवीने ओढत होती, वर त्याला शास्त्र म्हणत होती. पण हसू आलं नाही, कारण मैत्रेयी थुंकली.

आमच्या घरी हे चालत नाही. कोणी दिलेलं तोंडात घेतलं की गिळायचं, मग ते कडू असो की नासलेलं. ज्यांना कोणी काही देत नव्हतं, त्यांच्या घरची ही रीत आहे. मैत्रेयी लहानपणी औषधसुद्धा थुंकायची नाही. आता तिने मान वळवून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, स्वच्छ थुंकलं.

भुरक्यांचा आवाज वाढत गेला. पाच माणसं होती, मी पुन्हा मोजली. पण आवाज पाच जणांचा नव्हता. अंगणात चटईवर दहा-बारा माणसं खाली मान घालून बशीने चहा पीत असावीत, असा होता. म्हटलं, बंद खोली आहे, भिंती उंच आहेत, आवाज घुमतो. मास्तर आहे मी, प्रतिध्वनी दरवर्षी शिकवतो. पण घुमलेला आवाज मागून येतो. हा आधी येत होता आणि मग माणसं चमचा तोंडाला लावत होती.

४

चमचे खाली ठेवल्यावर बोलायची परवानगी असते. एक पोरगा म्हणाला, "भारी." दुसऱ्याने नुसतेच डोळे मिटले. शोभाताई मात्र रडत होत्या, आणि हसतही होत्या.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या. "चहात मीठ. पातीचा चहा, पितळी पातेल्यातला. बाहेर माणसं बसली आहेत, कुणीच काही बोलत नाही. मी खूप लहान आहे. मोरीच्या भिंतीमागे बसले आहे, आणि माझ्यासोबत कुणीतरी आहे." त्यांनी डोळे पुसले. "किती सुंदर आहे हो हे!"

ती मोरी आमची होती.

मी अकरा वर्षांचा आणि मैत्रेयी पाचची असताना आमचे बाबा गेले. माणसं जमली. आई शुद्धीवर नव्हती, म्हणून चहा मी केला. साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच होता. अंगणात बसलेल्या सगळ्यांनी तो चहा मुकाट्याने पिऊन टाकला. मयताच्या घरी कोणी काय बोलणार? उरलेला चहा मी आणि मैत्रेयीने मोरीमागे बसून संपवला, कोणाला कळू नये म्हणून. तीस वर्षं झाली. आईलासुद्धा सांगितलं नाही. मोरीमागची ती गोष्ट जगात दोनच माणसांना माहीत होती.

"सुंदर?" मी उभा राहिलो. माझी खुर्ची मागे पडली. "कायचं सुंदर? माया बाप मेला होता त्या दिवशी! तुमाले कोनं सांगतलं हे?"

शोभाताई दचकल्या. "कुणीच नाही हो. मला फक्त चव लागली."

"चव लागली म्हने! मैत्रेयी, तू सांगत फिरतं का आपल्या घरचं?"

मैत्रेयी कागदावर काहीतरी लिहीत होती. तिने वर पाहिलंच नाही.

अनिमेष मधे आला. "सर, शांत व्हा. एकानं मीठ म्हटलं की सगळ्यांना मीठ लागतं. सूचनेचा परिणाम. तुम्ही तर विज्ञानाचे आहात." मग आवाज उतरवून, जवळजवळ कौतुकाने म्हणाला, "आणि खरं सांगू का? काही जिभा नुसत्या घेतात. मैत्रेयीची देते. अशी जीभ मी पाहिली नाही. सुरुवातीला ती गिळून टाकायची, घरची सवय म्हणायची. तोवर वाट्यांमध्ये काहीच उतरत नव्हतं. आता शिकली. तीन आठवडे झाले."

तीन आठवडे. मला त्या पोराचं नरडं धरावंसं वाटलं. धरलं नाही, याचा आजही पश्चात्ताप होतो.

५

तिला हाताला धरून कोपऱ्यात नेलं. हात तिचाच होता, मनगटावर वड्या तळताना भाजल्याचा डाग होता.

"मी कोन?" मी विचारलं.

"दादा," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग ती म्हणाली, "चौकीदारांनी सांगितलं, दादा आलेत म्हणून."

ती पुस्तकातली मराठी बोलत होती. माझ्याशी! जन्मात कधी बोलली नव्हती.

"बाबाच्या दिवशीचा चहा आठवते का तुले?"

"कोणाच्या?"

"आपल्या बाबाच्या वं! मोरीच्या मांगं बसून पेलो होतो आपन. मीठ टाकलं होतं म्या."

तिने खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या, जीभ टाळूवर फिरवली. "नाही," म्हणाली. "पण छान वाटतंय ऐकायला."

मी मनातल्या मनात कारणं मोजली. कोरोनानंतर लोकांची चव जाते, वास जातो. मेंदूत गाठ असली तर ओळख जाते. ताण असतो, उपास असतो. नागपूरला नेऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू. सगळी कारणं बरोबर होती. त्यातल्या एकानेही शोभाताईंच्या तोंडात आमच्या मोरीची भिंत घातली नसती.

टेबलावर वाट्या तशाच होत्या, निम्म्या भरलेल्या. मी एक उचलून तिच्यापुढे धरली.

"पी."

"गार झालीये."

"पी म्हनतो ना! अन् थुकजो नको. गिळ. आईची आन हाये तुले."

तिने अगदी शहाण्यासारखा चमचा घेतला आणि भुरका मारला. एक क्षण, फक्त एक क्षण, तिचे डोळे मोठे झाले आणि तिने माझ्याकडे पाच वर्षांच्या पोरीसारखं पाहिलं. ओठ हलले. 'दा' एवढं मी ऐकलं, शपथेवर सांगतो. मग तिचं मनगट आपोआप वर आलं, मान वळली, आणि तिने पेल्यात थुंकलं.

"चव स्वच्छ आहे," ती म्हणाली आणि ओठ टिपले.

६

पुढचं मी रागात केलं. विचार करून केलं असतं तर केलं नसतं.

मी ती वाटी तोंडाला लावली आणि रिकामी केली. तळाच्या चोथ्यासकट. शोभाताई ओरडल्या, "अहो, सगळ्यांचं उष्टं आहे ते!"

"उष्टं तं उष्टं!" मी म्हणालो. "माया घरचं हाये."

पहिली चव मिठाची. ती माझी होती, मला माहीत होती. पण लगेच तिच्याखालून दुसरी आली आणि ती माझी नव्हती. चहा फार वर होता, एक हात तो माझ्याकडे खाली आणत होता, आणि त्या हाताचं बोट साखरेत बुडवलेलं होतं. ते बोट माझं होतं. खारट लागतं म्हणून मी त्या दिवशी तिला साखरेचं बोट चाटवलं होतं. मी साफ विसरलो होतो.

दुसरी वाटी. अमरावतीच्या वसतिगृहाचं पांचट वरण, पंधरा मुलींच्या ताटांच्या आवाजासकट. तिसरीत पहिल्या पाळीच्या दिवशी आईने दिलेला गूळ, आणि तो का दिला हे न कळल्याची लाज. चौथीत लोखंड लागलं. मला वाटलं चमच्याचं असेल. ते रक्त होतं. मी बीएडला असताना तिला एक थप्पड मारली होती, कॉलेजातल्या कुठल्याशा पोराच्या चिठ्ठीवरून. दात ओठात घुसला होता. मी ते मनातून टाकून दिलं होतं. तिने ती चव वीस वर्षं जपून ठेवली होती आणि तरी दर रविवारी गेटवर येऊन मला दादा म्हणत होती.

तेव्हा मला माझाच राग आला आणि मी पाचवी वाटी उचलली.

"सर, बस करा," अनिमेष म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ नव्हता. "गिळू नका. एवढं कोणी गिळत नाही."

पाचवी वाटी मी त्याच्या डोळ्यांत पाहत प्यायलो. त्यात काय होतं ते सांगणार नाही. ते तिचं आहे.

खोलीतला आवाज थांबला होता. मागची मशीनसुद्धा थांबली होती. वाट्यांच्या पांढऱ्या तळाशी काही नव्हतं, आणि टेबलाभोवतीची चारही माणसं रिकाम्या ताटाकडे पाहावं तशी माझ्या तोंडाकडे पाहत होती.

७

मैत्रेयीने काहीच हरकत घेतली नाही. "चल," मी म्हटलं, तशी ती चपला घालून आली. कोणीही म्हटलं असतं तरी आली असती, हे मला कळत होतं.

एसटीत ती खिडकीशी बसली. वणीकडे जाणारा तो रस्ता तिने हजारदा पाहिलाय. ती पाट्या वाचत होती, मोठ्याने, नवीन माणूस वाचतो तशी. मी तिच्याशी बोललो नाही. तोंड उघडलं तर काहीतरी सांडेल, असं वाटत होतं. पोट तुडुंब भरलं होतं. समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याला लहानपणी जीभ लावली तर कसं लागतं, हे मला आठवत होतं. मी कधी लावली नव्हती.

कंडक्टरने "कुठले ताई?" विचारलं. तो मैत्रेयीशीच बोलला असणार. पण पाहत माझ्याकडे होता.

मारेगावला उतरलो तेव्हा चार वाजले असतील, ऊन अजून लख्ख होतं. तिला मी दारात उभं केलं आणि आधी आत गेलो. आईला सावकाश सांगायचं ठरवलं होतं. पोरगी आजारी आहे, ओळखणार नाही कदाचित, तू मनाला लावून घेऊ नको. वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती.

आई बाजेवर बसली होती. पावलं ऐकून तिने दोन्ही हात पुढे केले. मी जवळ गेलो आणि गुडघे टेकले. तिने माझं तोंड हातात घेतलं. कपाळ चाचपलं, भुवया, नाक. गालावरच्या वाढलेल्या दाढीवरून तिचा अंगठा गेला, आणि ती थांबली नाही. तिचा सगळा चेहरा उजळला. बाबा गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

"मैत्रेयी! आली का वं माय?" ती म्हणाली. "किती वाळली. खातं नाई का काई?"

"आई," मी म्हणालो, "मी अश्वजित."

"चाल, मस्करी नको करू. माया लेकीले मी ओळखत नाई का?" ती हसत होती, रडत होती, माझ्या केसांवरून हात फिरवत होती. मग तिने दाराकडे कान दिला. तिथे मैत्रेयी चौकट धरून उभी होती, परक्या घरात कुठे बसावं हे न कळून. "अन् हे कोन आनली संग? बस म्हना तिले. पानी दे."

मला चिडायला हवं होतं. दिवसभर मी दुसरं काय केलं होतं? ओरडायचं होतं, आई, ती बघ, ती दारात आहे तुझी पोरगी, हा मी आहे. तोंड उघडलं. पण आईचे हात माझ्या गालांवर होते, आणि इतके दिवस ती ज्याच्यासाठी झुरत होती ते तिला आत्ता मिळालं होतं. ते कोणाकडे होतं, एवढंच चुकलं होतं.

"दादा कुठी हाये तुया?" आईने विचारलं. "तुले आनाले गेलता ना तो?"

"येऊन राह्यला," मी म्हणालो. "मांगून येते."

"येऊ दे. तो आला की संगच जेवू," आई म्हणाली. तिने माझा हात घट्ट धरला, दाराकडे तोंड केलं, आणि माझी वाट पाहत बसली.